आरोपी क्रमांक एक, मुक्काम पंढरपूर

पांडुरंगा,

दंडवत. मालाडच्या पिंपरीपाड्याच्या प्रकरणात तुझं अभिनंदन करायचं राहूनच गेलं. २०१९ साली १ जुलैच्या मध्यरात्रीनंतर महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत टेकडीखालच्या झोपड्यांवर कोसळली. ३० च्या आसपास माणसं गेली. आणि आरोपी लगेच सापडला, तू! ‘देवाची करणी’, ‘निसर्गापुढे कुणाचं काय चालतं?’ इतका झटपट तपास एरवी होत नाही.

पुरावाही भक्कम. सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर पाऊस. पाऊस तुझाच, नाही म्हणू नकोस. भिंत मात्र महापालिकेची, जेमतेम दोन वर्षांची. मागे तुंबलेल्या पाण्याला वाट नसेल तर ते भिंतच ढकलतं, हे स्थापत्याच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. आणि वस्ती राष्ट्रीय उद्यानाच्या वनजमिनीवर; तिथल्या झोपडीवासीयांच्या पुनर्वसनाचा आदेश हायकोर्टाने दिला १९९७ मध्ये. एवढी वर्षं फायली दाबून ठेवणं तुझ्याच्यानं झालं नसतं, त्याला सरकारी अनुभव लागतो. दुसऱ्या रात्री चिपळूणजवळ तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला. म्हणजे तिथे तुझ्या जागी निदान बदली आरोपी तरी मिळाले.

पण एवढ्यावर सुटलास असं समजू नकोस. पिंपरीपाड्यात ढिगाऱ्याखालून एक मुलगी तासन्‌तास बोलत होती. बाहेर काढेपर्यंत संपली. त्या तासांत तिच्या माणसांनी ज्याचा धावा केला असेल, तो कंत्राटदार नव्हे.

तुझे वकील म्हणतात, हे मागच्या जन्मीचं. मागच्या जन्मीचे सगळे पापी एकाच उतारावर भाड्याने राहायला आले, ही व्यवस्था मात्र वाखाणण्यासारखी. दुसरे म्हणतात, देव परीक्षा घेतो. मलबार हिललाही टेकडी आहे, महापालिकेचाच जलाशय आहे. तिथलं परीक्षा केंद्र अजून उघडलेलं दिसत नाही. तिसरे जरा शिकलेले. ते म्हणतात, देवाने माणसाला मोकळीक दिली. दिलीस ना! भिंत बांधणाऱ्याला दिलीस आणि किंमत खाली झोपलेल्यांकडून वसूल केलीस.

तुकोबांची पहिली बायको १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात अन्नावाचून गेली, मूलही गेलं. त्यांनी तुला सोडलं नाही, पण तुझी भीडही ठेवली नाही. जनाबाई तर सरळ शिव्या घालायची. म्हणून मीही माळ उतरवलेली नाही, अन् तोंडही आवरणार नाही.

त्या वर्षी १२ जुलैला आषाढी. भिंत पडून दहा दिवस झाले होते. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते तुझी शासकीय महापूजा यथासांग पार पडली. आरोपीची एवढी बडदास्त मी पाहिली नव्हती.

तेव्हा आता सुनावणीला ये. वकील आणू नकोस, त्यांचं कीर्तन पाठ आहे. आणि येताना ज्यांनी तुझं नाव पुढे केलं, त्यांनाही हाताला धरून आण. त्यांच्यावाचून तुझा खटला चालवायचा नाही, आणि तुझ्यावाचून त्यांचा.

तुझा एक माळकरी,
मालाड (पूर्व)