अठ्ठेचाळीस तासांच्या मालकांस

प्रति,
मा. मुदत-अधिकारी,
भाडे-चित्रपट विभाग,
मु. पो. क्लाउड.

स. न. वि. वि.

भाडं भरल्यावर सिनेमा सुरू करायला ३० दिवस आणि एकदा सुरू केला की संपवायला ४८ तास, ही आपली शिस्त आम्ही शिरसावंद्य मानतो. तीस दिवस आम्हाला कोणी हटकत नाही. पण ‘प्ले’ दाबलं की संपलं! मग आम्ही झोपलो, दळण आणलं, पाहुणे टपकले, लाइट गेले, तरी आपलं घड्याळ चालूच. समजा, ‘शोले’ घेतला आणि मुलं झोपल्यावर रोज अर्धा तास पाहायचं ठरवलं, तर ठाकूरचे हात शाबूत असतानाच मुदत संपते.

व्हिडिओ लायब्ररीवाल्या काकांची घाई आम्हाला समजायची. नव्या सिनेमाच्या कॅसेटी मोजक्या आणि शनिवारी रात्री त्यांवर डोळा ठेवून बसलेली घरं अनेक. उशीर झाला की काका वहीत जादा भाडं मांडायचे, वर रिवाइंड केली नाही म्हणून बोलणीही बसायची. आपल्याकडे आमच्यामागे रांगेत कोण खोळंबलंय? नाव कळवावं, जातीनं जाऊन माफी मागू.

आपल्या घराण्याचा इतिहासही आम्ही उकरून काढला. १९९८ मध्ये अमेरिकेत ‘डिव्हएक्स’ नावाची डिस्क आली. पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास चालायची, पुढे पाहायचं तर पुन्हा पैसे. हिशेबासाठी प्लेअर फोनच्या तारेवरून कंपनीशी बोलायचा. पुढच्याच वर्षी दुकान बंद. मग २००३ मध्ये डिस्नेनं ‘ईझेड-डी’ आणली. पाकीट फोडलं की हवेतल्या ऑक्सिजननं डिस्क काळी पडत जायची आणि ४८ तासांनी चालेनाशी व्हायची. मग सरळ कचऱ्यात! सिनेमा वेळेत नासावा म्हणून रसायनशास्त्र कामाला लावलं होतं. आमच्याकडे दूध फुकटात नासतं.

अ‍ॅपलनं २००८ मध्ये भाड्याचे सिनेमे सुरू केले, तेव्हा अमेरिकेत सुरू केलेला सिनेमा २४ तासांत उरकावा लागे. २०१७ मध्ये त्याचे ४८ झाले. म्हणजे आकडा वेदात लिहिलेला नाही, हलवला की हलतो.

आपली बाजूही आम्ही जाणतो. स्टुडिओंशी करार असतात, आणि भाड्यानंच सगळं भागलं तर विकत कोण घेणार? रास्त. भाड्याचा सिनेमा नातवंडांच्या नावे करून द्या, असं कोणी म्हणत नाही. पण आम्ही कुठल्या सेकंदाला थांबलो, हे आपल्याला बिनचूक ठाऊक असतं. पुन्हा उघडला की तिथूनच सुरू होतो. मग सिनेमा चालू असेल तेवढंच घड्याळ चालवायला काय हरकत आहे? वाटल्यास दोनदा पाहून होईल एवढेच तास द्या. झोपेचं भाडं तेवढं लावू नका.

सध्या एका रहस्यपटाची शेवटची चाळीस मिनिटं पाहायची आहेत आणि त्यासाठी पुन्हा पूर्ण भाडं मागितलं जातंय. काका निदान एका दिवसाचंच घ्यायचे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मुदतबाह्य भाडेकरू

ता. क. : खून डॉक्टरनं केला की पुतण्यानं, एवढं एका ओळीत कळवावं. उत्तराचं भाडं वेगळं पडत असल्यास तसं लिहावं.