चिखलातली पदवी

वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत जलीय पर्यावरण व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. तळं, नदी, खाडी आजारी का पडते हे सांगणारी माणसं आपण सरकारी खर्चानं तयार करतो. त्यांना काही विचारायचं नाही, हा निर्णय मात्र बिनखर्चात झालेला आहे.

तळ्याचा सगळ्यात जिवंत भाग मध्यावर नसतो, काठाला असतो, ही या विषयाची बाराखडी. उथळ पाणी, चिखल, पाणकणीस, लव्हाळं. मासे तिथं अंडी घालतात, बेडूक आणि चतुर तिथं वाढतात, वरून वाहत येणारा गाळ, नत्र, स्फुरद बराचसा तिथंच अडतो. नगरपालिकेच्या लेखी हाच पट्टा ‘अस्वच्छ परिसर’. इलाज ठरलेला: जेसीबी लावा, उभी भिंत बांधा, पेव्हर ब्लॉक, रेलिंग, संगीत कारंजं आणि ‘आय लव्ह अमुकनगर’चा सेल्फी पॉइंट. महापुरात तगणारं लव्हाळं तुकोबांनी पाहिलं होतं. जेसीबी पाहिला नव्हता.

भिंतीतून एक पाइप मात्र सन्मानानं आत सोडलेला असतो. सांडपाण्याचा. कॅनडातल्या ओंटारिओत डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये एका तळ्यात पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र टाकलं, एकीकडे स्फुरदही. स्फुरदाची बाजू शेवाळानं हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेला तो फोटो या विषयाच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. आपल्याकडे पडद्याची भानगडच नाही. दोन्ही बाजू हिरव्या. मग जलपर्णी माजते, ती काढायची निविदा निघते, पाइप तसाच राहतो, पुढच्या वर्षी जलपर्णी पुन्हा हजर. तिचं पोषण होतं, कंत्राटदाराचंही होतं.

एके दिवशी मासे पोट वर करून तरंगतात आणि चौकशी लागते. शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करतं, रात्रभर तोच वापरतं. पाण्यातला प्राणवायू नीचांक गाठतो तो पहाटे. साहेब चहा-नाश्ता उरकून अकराला येतात. तोवर ऊन चढून शेवाळ पुन्हा कामाला लागलेलं असतं आणि बाटलीतला नमुना ‘समाधानकारक’ निघतो. नमुना पहाटे पाचला घ्या, हे सांगायला पदवी लागते. पहाटे पाचला उठायला भत्ता लागतो, आणि तो मंजूर नाही.

तळ्याच्या बाजूनं कुणी बोलायचं म्हटलं, तर कोर्टाची पायरी चढावी लागते. पवई तलावाच्या काठानं मुंबई महापालिकेनं सायकल ट्रॅक घालायला घेतला. आयआयटी मुंबईचे संशोधक विद्यार्थी जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले. मे २०२२मध्ये न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवलं, बांधलेलं काढा आणि जागा पूर्ववत करा म्हणून बजावलं. प्रबंध लिहिता लिहिता पोरांना प्रतिज्ञापत्रंही लिहावी लागली. त्याचे गुण कुठल्या विद्यापीठात मिळतात, कोण जाणे.

बाकीचे पदवीधर काय करतात? नशीबवान असतील तर सल्लागार कंपनीत बसून अहवालात ‘लक्षणीय परिणाम नाही’ असं टाइप करतात. त्या वाक्याला पगार चांगला आहे.

यात कुणा एकाचा दोष नाही. अंदाजपत्रक दरसूचीवरून बनतं. दरसूचीत खोदाईला दर आहे, भरावाला आहे, भिंतीला आहे. हात न लावण्याला दर नाही, आणि ज्याला दर नाही त्याचं बिल निघत नाही. तेव्हा विद्यापीठांनी आणखी एक अभ्यासक्रम काढण्यापेक्षा बांधकाम खात्यानं दरसूचीत एकच बाब वाढवावी: ‘काठचा चिखल जागच्या जागी राहू देणे, प्रति चौरस मीटर, सर्व करांसह.’ टक्केवारी बसली, की महाराष्ट्रातली तळी आपोआप वाचतील.