मोत्याचा रिपोर्ट आला का?

ऐकलंत का काही? भिगवण रस्त्यावरच्या त्या बंगल्यातला मोत्या बर्लिनला निघालाय! मोत्या म्हणजे कुत्रा हो. मुलगा-सून आधीच गेले, आता मोत्याला बोलावणं आलंय. आई-वडिलांना नव्हे, मोत्याला. बया बया, आणखी काय काय बघायचं राहिलंय!

बरं, हे एकच घर असतं तर आम्ही तोंडाला कुलूप लावलं असतं. (लावलं नसतं, पण म्हणायची पद्धत आहे.) एमआयडीसीकडे एका लॅब्रडॉरची तयारी चालू आहे, इंदापुरात एका मांजराची. पूर्वी परदेशी निघालेलं पोर बॅगेत मेतकूट आणि गोडा मसाला कोंबायचं. आता आधी पिंजऱ्याचा खर्च धरतात, मसाल्याचं मग बघू.

आणि कागदपत्रं किती! आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. तिचा नंबर १५ आकडी. तुमच्या-आमच्या आधारला १२ आकडे आणि मोत्याला १५! चिप आधी, रेबीजची लस नंतर. उलटं झालं तर ती लस धरतच नाहीत. लसीनंतर ३० दिवस थांबायचं, मग रक्त काढून युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत धाडायचं. त्यात प्रतिपिंडं मिलिलिटरमागे निदान ०.५ एकक भरली पाहिजेत. भरली म्हणून लगेच उडायचं नाही, रक्त काढल्यापासून तीन महिने घरीच. आधीच कुठून लागण झाली असेल तर ती तेवढ्यात उघडी पडावी, म्हणून. आपल्याकडे रेबीज अजून माणसं मारतो, तेव्हा नियम शहाणपणाचाच आहे. पण शहाणपणाची चर्चा रंगत नाही. शेवटी निघायच्या तोंडावर मुंबईला जाऊन केंद्र सरकारच्या विलगीकरण कार्यालयाचं प्रमाणपत्र आणायचं, आणि ते हातात पडल्यापासून दहा दिवसांत युरोप गाठायचा.

परिणाम असा की मंडईत मेथीची जुडी निवडतानाही बायका विचारतात, ‘मोत्याचा रिपोर्ट आला का?’ सुनेच्या रिपोर्टची एवढी चौकशी कुणी केली नव्हती.

ऑस्ट्रेलियावाल्यांचं तर विचारूच नका. भारतातून थेट कुत्रं तिथे घेतच नाहीत, आधी त्यांना चालणाऱ्या तिसऱ्या देशात मुक्काम, मग मेलबर्नजवळ सरकारी विलगीकरणात निदान दहा दिवस. २०१५ मध्ये जॉनी डेपची पिस्टल आणि बू ही दोन कुत्री खासगी विमानातून तिथे गुपचूप उतरली, तर मंत्र्यांनी परत न्या, नाहीतर मारून टाकू म्हणून धमकावलं. हॉलिवुडचा नट तो, मोत्याला कोण विचारतो?

त्या मानाने बर्लिन म्हणजे माहेर. हॉटेलात कुत्रं टेबलाखाली बसलं तरी सहसा कुणी भुवई उचलत नाही. मात्र पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो कर, म्हणजे बारा हजारांच्या घरात, आणि दुसऱ्याला १८०. आमच्याकडे घरपट्टी मार्चअखेर आल्याशिवाय कुणी भरत नाही, तिथे कुत्रपट्टी! रेल्वेत मोठ्या कुत्र्याला अर्धं तिकीट. एसटीने २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. आता कळलं, बारामती-इंदापूर प्रवासात आमचा आणि मोत्याचा दर्जा एकच.

पण नाकं मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. शाहू महाराजांनी वाघापासून जीव वाचवणाऱ्या आपल्या कुत्र्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, संगम माहुलीला त्याची समाधी आहे. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या रिंगण धरतात तेव्हा आपणच हात जोडतो. आणि धर्मराज कुत्र्याशिवाय स्वर्गात यायला तयार नव्हता, तिथे तर चिपही मागितली नव्हती.

खरी भानगड वेगळीच आहे. हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये जमेना म्हणून मोत्याला पिल्लू असतानाच मुलाने बारामतीला आणून टाकलं होतं. मुलाची आई, म्हणजे आमच्या काकू, तेव्हा मोत्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हत्या. आता त्याच काकूंनी शिलाईच्या टेपने नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत माप घेतलंय, कारण पिंजऱ्यात जनावराला उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे. पिंजरा ओसरीवर ठेवलाय. आत काकूंची जुनी गोधडी, अगदी आतल्या कोपऱ्यात दुधात कुस्करलेली भाकरी. मोत्या मागचे दोन पाय बाहेर ठेवूनच वाटी चाटूनपुसून संपवतो आणि उलटा बाहेर येतो.

‘तीन महिन्यांत शिकेल की,’ काका म्हणतात.

‘नाही शिकला तर काही बिघडत नाही,’ काकू म्हणतात.

आम्ही विचारलंच, ‘काकू, तुमचा व्हिसा कधी?’ तर म्हणाल्या, ‘पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हणालाय.’ यांना चिप नको, रक्त नको, पिंजरा नको, तरी पुढचा उन्हाळा! मुलाला फोनवर हे ऐकवायची आमची फार इच्छा आहे, पण काकूंनी नंबर दिलेला नाही.

असो. परवा इंदापूरच्या त्या मांजरवाल्या वहिनी विचारत होत्या, मांजरालाही हेच सगळं का? चिप, लस, रक्त, सगळं हेच, फक्त जर्मनीत मांजराला कर नाही. हे ऐकल्यापासून त्यांच्या मिस्टरांनी दुसरं मांजरही न्यायचं काढलंय.