पातळ वरणाचं श्रेय

खेड्यातल्या वसतिगृहात वाढलेल्यांच्या आठवणींत वरण कायम पातळ, रेक्टर कडक आणि लिहिणारा यशस्वी असतो. पहिल्याच आठवड्यात पळून घर गाठलेली पोरं आठवणी लिहीत नाहीत, त्यामुळे माणूस घडवल्याचं श्रेय वरणाला बिनविरोध मिळतं. यावर कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाखला हमखास येतो. पण 1924च्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली, हे मोठेपण पंगतीचं. वरणातल्या पाण्याचं नव्हे.

सोनईकडे बघा. तिथल्या मुळा साखर कारखान्याचा गळीत हंगाम लागला की कोयत्यामागे ऊसतोड्यांची पोरंही फडावर येतात; ती आपल्या गावीच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची परंपरा, 2011 साली बँकही बिनकुलपाची निघाली. वसतिगृहातल्या पत्र्याच्या पेटीला मात्र कुलूप हवंच. आईने बांधून दिलेला चिवडा शनिदेवाच्या भरवशावर सोडता येत नाही. हालांनी पोर कणखर होतं, असं म्हणणारे म्हणतीलच. त्यांची स्वतःची मुलं पुण्याच्या होस्टेलात असतात, आणि तिथल्या मेसच्या वरणाची तक्रार हेच पालक व्हॉट्सॲपवर करतात, फोटोसकट.