सहा फुटी मखर

आमच्या घरी यंदा ख्रिसमस ट्री आला. आला, आली की आलं, इथूनच भांडणाला सुरुवात झाली. झाड नपुंसकलिंगी, म्हणून ‘आलं’ म्हणायचं, असं माझं मत. चिरंजीव म्हणाले, “बाबा, झाड अंगणात येतं. हॉलमध्ये ट्री येतो.” सौ.नी निकाल दिला, “घरात आली ना? मग आलीच म्हणा. घरात येतं त्या प्रत्येकाची उस्तवार शेवटी माझ्याकडेच येते, लिंग कुठलंही असो.”

पूर्वी सण पंचांग बघून यायचे. आता ते शेजारच्या विंगेच्या स्टेटसमधून येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी विंगेतल्या एका कुटुंबानं झाडासमोर उभं राहून फोटो टाकला. चौघांच्याही अंगात लाल स्वेटर. ठाण्यात त्या दिवशी पंखा तीनवर होता. पण फोटोत घाम दिसत नाही, झाड दिसतं. त्याच संध्याकाळी आमच्या घरात ठराव एकमतानं मंजूर झाला. मी विरोधात होतो, पण माझं मत मोजायची पद्धत आमच्याकडे नाही.

रविवारी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. तिथे कळलं की झाडं उंचीवर मिळतात आणि भरगच्चपणावर महाग होतात. विक्रेत्यानं विचारलं, “घर केवढं आहे?” आमच्या सौ.नी टू बीएचके असूनही सहा फुटी झाड दाखवायला सांगितलं. माझी उंची पाच फूट पाच इंच. घरात आपल्यापेक्षा उंच असलेली आणि आपल्यापेक्षा जास्त चमकणारी वस्तू स्वतःच्या पैशानं आणायची, ही वेळ प्रत्येक संसारी माणसावर कधी ना कधी येतेच.

लोकलनं ते खोकं आणताना माझ्या ज्ञानात भर पडली. चिरंजीव मोबाइलवर वाचून दाखवत होते. नकली झाडं आधी जर्मनीत झाली, एकोणिसाव्या शतकात, तीही हंसाची पिसं हिरवी रंगवून. पुढे १९३०च्या दशकात एका ब्रशाच्या कंपनीनं संडास घासायचे ब्रश ज्या यंत्रावर होत, त्याच यंत्रावर झाडाच्या फांद्या काढल्या, असं सांगतात. घरी येऊन खोकं उघडल्यावर हे आईच्या कानावर घातलं. तिनं एक फांदी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, “तरीच म्हटलं, ओळखीचं कसं वाटतंय.” त्यानंतर झाड देव्हाऱ्यापासून नऊ फूट लांब ठेवायचं ठरलं. आमच्या हॉलमध्ये देव्हाऱ्यापासून नऊ फुटांवर चपलांचं कपाट येतं. झाड तिथेच उभं राहिलं.

उभं राहिलं म्हणजे तीन तासांनी राहिलं. खोक्यावरच्या चित्रात एक गोरी बाई हसत हसत एका हातानं झाड उभारत होती. आमच्याकडे दांड्याचे तीन तुकडे, स्टँडचे तीन पाय, चार स्क्रू आणि पाच सल्लागार होते. फांद्या सुट्या करून, एकेक पाती बोटांनी उकलून फुलवायची असते. हे काम मेथी निवडण्यासारखं आहे. सगळे उत्साहानं बसतात आणि दुसऱ्या जुडीपर्यंत एकटी बाई उरते.

मग सजावट. आमच्या माळ्यावर एक खोका आहे. गणपती, नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न, मुंज, डोहाळजेवण, सगळं त्याच खोक्यातून साजरं होतं. त्यातून दिव्यांची तोरणं निघाली. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले होते. झाड स्वतःभोवती फिरतही होतं. आमच्या तोरणातही साधारण तेवढेच दिवे आहेत. त्यातला एक गेला की त्याच्या ओळीतले सगळे सुतक पाळतात. तो एक कोणता, हे शोधण्यात माझ्या पिढीच्या पुरुषांचं निम्मं आयुष्य गेलं आहे. शेवटी अकरा दिवे लागले. तेवढ्यासाठीही एका एक्सटेन्शनमध्ये दुसरं एक्सटेन्शन आणि त्यात टू-पिनचा प्लग काडेपेटीच्या काड्या खुपसून घट्ट करावा लागला. झाड फिरत नव्हतं. माझं डोकं मात्र फिरत होतं.

पुढचा प्रश्न बर्फाचा. ठाण्यात बर्फ फक्त रसवंतीवाल्याकडे आणि माशांच्या गाडीवर दिसतो. पण झाडावर तो हवाच, कारण चित्रात आहे. माळ्यावर आमचं जुनं थर्माकोलचं मखर आहे. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून ते बंदी उठायची वाट पाहत पडून आहे. चिरंजीव म्हणाले, “त्याचे खांब किसले तर मस्त बर्फ होईल.” आई म्हणाली, “गणपतीचे खांब किसणार? आधी मला किसा.” म्हणून मग तिच्या वातींच्या कापसावर धाड पडली. अख्खं पेळू झाडावर पसरलं, पंखा तीनवर होता आणि पाच मिनिटांत बर्फवृष्टी सुरू झाली. ती सोफ्यावर झाली, वरणात झाली, माझ्या चष्म्यावर झाली. फक्त झाडावर राहिली नाही.

इतक्यात तिसऱ्या मजल्यावरचे नाना आले. नाना हे आमच्या सोसायटीचे स्वयंनियुक्त संस्कृतिरक्षक. पार्किंगच्या वादात ते कधी दिसत नाहीत. त्यांचं लक्ष हजार वर्षांच्या वादांवर असतं. झाड पाहून ते दारातच थबकले. “अहो, पंचवीस डिसेंबरला तुळशीची पूजा करायची असते. मेसेज पाठवला होता ना मी?”

आईनं चष्म्यावरून पाहिलं. “तुळशीचं लग्न कार्तिकात लागलं, नाना. महिना होऊन गेला. आता तिला नांदू द्या. दर महिन्याला काय बोहल्यावर चढवायचं?”

नानांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की नाताळाला विरोध करणारे ते पहिले नाहीत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिथल्या कडव्या ख्रिस्ती मंडळींनीच १६५९ साली कायदा केला होता. नाताळ साजरा करताना सापडाल तर पाच शिलिंग दंड. हा सण आपल्या खऱ्या धर्मात नाहीच, बाहेरून घुसलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. कायदा १६८१ पर्यंत टिकला. नाना हरखले. आपले विचारबंधू बॉस्टनला होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता ते तिकडचे दाखले देतील. परदेशातून आलेलं सगळंच काही वाईट नसतं.

खरं तर हे झाड त्याच्या स्वतःच्या मुलखातही उपरंच. बायबलमध्ये ख्रिसमस ट्री नाही. प्रथा जर्मनांची. इंग्रजांच्या राजवाड्यात ती आणली जर्मनीहून आलेल्या राणीनं आणि घराघरांत पोचवली एका फोटोनं. फोटो म्हणजे चित्र. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं टेबलावरच्या सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत, असं चित्र छापून आलं. झालं! राजवाड्याच्या विंगेनं स्टेटस टाकलं आणि सगळ्या इंग्लंडनं ठराव मंजूर केला. दोन वर्षांनी एका अमेरिकी मासिकानं तेच चित्र उचललं, पण राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा खोडून. म्हणजे कुटुंब आपल्याच गल्लीतलं वाटावं. बी विंगेनं लाल स्वेटर घातला, त्यांनी मिशा काढल्या. मुद्दा एकच. खुद्द व्हॅटिकनच्या चौकात झाड पहिल्यांदा उभं राहिलं ते १९८२ साली. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, त्याच वर्षी. म्हणजे ज्या परंपरेला विरोध करायचा म्हणून नानांना झोप लागत नाही, ती पोपच्या अंगणात नानांच्या टीव्हीएवढीच जुनी आहे.

संध्याकाळी नवीन संकट आलं. शेंड्यावर तारा लावायचा होता. आम्ही दिवाळीचा आकाशकंदीलच लावला, कारण तोही शेवटी ताराच. त्याच्या वजनानं शेंडा वाकला आणि झाड चपलांच्या कपाटाला नमस्कार करू लागलं. सौ. म्हणाल्या, “तळमजल्यावरच्या मावशींना विचारून या. त्यांचा सण आहे, त्यांना माहीत असणार.”

मावशी मूळच्या वसईच्या. सोसायटीत आल्याला वीस वर्षं झाली. दर नाताळात त्यांच्याकडून करंज्यांचा डबा येतो आणि दर दिवाळीत त्याच डब्यातून आमच्या चकल्या जातात. या वीस वर्षांत डब्यानं दोन्ही घरं जितकी पाहिली, तितकी आम्ही पाहिली नव्हती. मी नाताळात त्यांच्या दारावर पहिल्यांदाच गेलो, तेही तांत्रिक सल्ल्यासाठी.

आत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून नाताळच्या फराळातल्या कुलकुल वळणं चाललं होतं. काट्याच्या चमच्याच्या पाठीवर कणकेची गोळी दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखी वळी होते. मला विचारायच्या आधीच हातात काटा देण्यात आला. “बसा भाऊ. बोलता बोलता करा.” कोपऱ्यात मातीचा गोठा मांडला होता. डोंगर, गवताचं छप्पर, मेंढपाळ, गाय, गाढव. डोंगराभोवती वाटीत नाचणी पेरून उगवलेलं हिरवं गवत. मी पाहतच राहिलो. दिवाळीत आमचे चिरंजीव किल्ला करतात तेव्हा बुरुजांवर असेच अळीव पेरतात. तिकडे मावळे, इकडे मेंढपाळ. तिकडे सिंहासनावर महाराज. इकडे मधली गवताची गव्हाण मात्र रिकामी होती.

“बाळ कुठंय?” मी विचारलं.

“अजून जन्मलाय कुठे? चोवीसच्या रात्री मिस्साहून आलो की ठेवायचा.” रामाचा जन्म दुपारी बाराला, कृष्णाचा रात्री बाराला. देवांची वेळ पाळणारी माणसं सगळीकडे असतात. फक्त आम्हीच झाड पहिल्या आठवड्यात आणून मोकळे झालो होतो.

“आणि तुमचं झाड?”

मावशींनी खिडकीकडे बोट दाखवलं. एका कुंडीत सुरूची फांदी, तिच्यावर चार कागदी चांदण्या. “पोरांची हौस. आम्ही लहान होतो तेव्हा समुद्रावरून सुरूची फांदी आणायचो, डब्यात वाळू भरून उभी करायची. तुमचं कसं वाकलं?”

मी सगळं सांगितलं. सहा फूट, अकरा दिवे, कापूस, आकाशकंदील. मावशी हसल्या. “झाडाचं एवढं काय घेऊन बसलात भाऊ? ते तुमच्या मखरासारखं. वाकडं झालं तरी चालतं. गणपती नीट बसला म्हणजे झालं.”

मी हातातली कुलकुल नीट वळायला गेलो. ती बिघडली. वर आमच्या हॉलमध्ये सहा फुटी मखर लखलखत होतं, सगळ्या सोसायटीला त्याचा फोटो गेला होता आणि आत बसवायला कुणीच नव्हतं. गणपतीत सजावट स्पर्धेचं पारितोषिक घेऊन आरतीला उशिरा पोचणारी माणसं आम्ही. एवढी प्रॅक्टिस झाल्यावर दुसऱ्याच्या सणाची फक्त सजावट उचलणं जड जाणार नव्हतंच.

वर आलो, आकाशकंदील काढला, शेंडा सरळ झाला. पंचवीस तारखेला सकाळी आई बेसनाचे लाडू घेऊन खाली गेली. बाळ पाहून आली आणि म्हणाली, “गोठा छान केलाय हो. गाय अगदी आपल्यासारखीच आहे.” आमचा गट-फोटो त्याआधीच झाला होता. त्याला बी विंगेनं अंगठा दिला, हृदय दिलं नाही. त्याचं विश्लेषण घरात दोन दिवस चाललं.

रीतीप्रमाणे झाड बाराव्या रात्री, म्हणजे पाच जानेवारीच्या सुमारास उतरवतात. अनंत चतुर्दशीपर्यंतच्या गणपतीपेक्षाही जास्त मुक्काम. आम्ही उतरवायला बसलो तेव्हा कळलं की खोक्यातून निघालेलं झाड पुन्हा त्या खोक्यात जात नाही. दाबून पाहिलं, बसून पाहिलं, सुतळीनं करकचून बांधून पाहिलं. शेवटी ते तसंच राहिलं आणि संक्रांत आली.

हळदीकुंकवाच्या दिवशी आईला ते कोपऱ्यात ओकंबोकं उभं बघवेना. पुतण्याच्या बोरन्हाणातले हलव्याचे दागिने उरले होते, ते तिनं झाडावर चढवले. गळ्यात हार, फांद्यांना बाजूबंद, शेंड्यावर मुकुट. साबुदाण्यासारखा पांढराशुभ्र हलवा हिरव्या पात्यांवर असा काही शोभला, की बर्फ म्हणून आम्ही इतके दिवस काय शोधत होतो ते कळलं. अर्ध्या तासात मुंग्यांनाही कळलं.

तिळगूळ घ्यायला मावशी आल्या. झाडाकडे पाहून त्या क्षणभर बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अजून आहे?”

“विसर्जन राहिलंय,” आई म्हणाली. “खोक्यात मावत नाही.”

“असू दे मग,” मावशी म्हणाल्या आणि तिळगुळाचा लाडू तोंडात टाकला. “पुढच्या वर्षी लवकर या म्हणायला नको.”