बिनकोटाचं खुंटाळं

आमच्या अंबाजोगाईत कोट अंगावर दिसतो तो डॉक्टरांच्या, वकिलांच्या, नवरदेवांच्या आणि नवरदेवापुढं वाजवणाऱ्या बँडवाल्यांच्या. डॉक्टरांचा पांढरा. गावात स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय असल्यानं त्याचं पीक जोरात, पण तो अंगात कमी आणि दंडावर जास्त. वकिलांना उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळ्या कोटातून नियमानंच सूट आहे. नवरदेवाचा कोट एका दुपारचा. पुढं तो डांबरगोळ्यांशी संसार करतो. उरले बँडवाले, आणि ते आमच्या घरी राहत नाहीत. तरीही पुण्याहून सुट्टीला आलेल्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, एंट्रन्सला एक कोट रॅक पाहिजे."

"एंट्रन्स कुठंय?" आईनं विचारलं. आमच्याकडं दारातून आत आलं की ढाळज लागते.

त्या ढाळजेत खुंट्या होत्या की! जुनं माळवदाचं घर, भिंती दोन-दोन हात जाड, आणि भिंत रचतानाच दगडांमध्ये बाभळीच्या खुंट्या घातलेल्या. त्यातल्या एका खुंटीवर आजोबांची शेरवानी असायची. आजोबा निजामाच्या तहसीलात कारकून. तेव्हा आमचं गाव मोमिनाबाद होतं आणि कचेरीत उघड्या सदऱ्यानं जायची सोय नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, शेरवानी राहिली. धड असा कपडा तेवढा एकच, म्हणून आजोबा दरवर्षी मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला तीच घालून जात. ज्या राजवटीतून सुटलो तिचीच बटणं गळ्यापर्यंत लावून ते ताठ उभे राहत, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढं रंग देताना त्या खुंट्या रंगाऱ्याच्या शिडीला आडव्या आल्या, म्हणून काकांनी करवतीनं साफ केल्या. तेव्हापासून घरातले कपडे कडी, कोयंडा, खुर्ची आणि पलंगाचा कठडा अशा मिळेल त्या ठिकाणी दिवस काढत होते.

चिरंजीवांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात एक अमेरिकन गृहस्थ भिंतीवर टकटक करत हिंडत होता. त्यांच्या भिंतीत म्हणे सोळा-सोळा इंचांवर लाकडी खांब उभे असतात. पोकळ आवाज आला की पुढं सरकायचं, भरीव आला की तिथं स्क्रू पिळायचा. चिरंजीवांनीही टकटक केली. पलीकडून शेजारच्या मावशी ओरडल्या, "कोण हाय?"

मग भाड्यानं ड्रिल आलं. आठ एमएमचं बिट बोटभर आत गेलं, पांढरी माती भुरूभुरू गळली आणि आत दगड लागला. ड्रिल जागच्या जागी फिरायला लागलं, सोबत चिरंजीवही. प्लास्टिकची गिट्टी भोकात ठोकली, तर ती स्क्रूचा हात धरून बाहेर आली. मोठी ठोकली, तीही आली. भोक एवढं झालं की आई म्हणाली, "आता राहू दे, कोनाडा होईल. दिवा ठेवीन."

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी भिंतीकडं बघितलं, चिरंजीवांकडं बघितलं आणि पानाची पिंक टाकायला बाहेर जाऊन आले.

"गुरुजी, मातीच्या भितीला गिट्टी धरत नसती. हिला लाकूडच लागतं."

त्यांनी माळवदावर पडलेली जुन्या चौकटीची सागवानी फळी खाली काढली. रंधा फिरायला लागला तशी वरची काजळी सुटून आतलं तांबूस लाकूड दिसू लागलं. इतकी वर्षं आम्ही त्या फळीवर पापड वाळवत होतो. भिंतीत छिन्नीनं खाचा केल्या आणि त्यात बाभळीचे गुटके बसवले. यातली मेख अशी, की गुटका आत रुंद आणि बाहेर निमुळता. बाहेरून कितीही ओढा, तो जास्तच आवळून बसतो. (सरकारी खात्यातल्या काही माणसांची बसवणूकही अशीच झालेली असते.) भोवती सिमेंटचा माल भरला, तो वाळू दिला आणि मग त्या गुटक्यांत फळीचे स्क्रू पिळले. फळीला गिरमिटानं पाडलेली भोकंही सरळ नव्हती, जराशी वर तोंड केलेली. "वर बघणारी खुंटी कपडा सांडत नाही," मिस्त्री म्हणाले.

दोन खुंट्यांत अंतर किती? मिस्त्री म्हणाले, वीतभर. चिरंजीव टेप घेऊन म्हणाले, वीस सेंटिमीटर. आई म्हणाली, माझ्या वितीनं. वाद मिटेना, तेव्हा मी दासोपंतांना मध्ये आणलं. आमच्याच गावच्या या संतकवीनं सोळाव्या-सतराव्या शतकात कागदाला फाटा देऊन सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर ओव्या लिहिल्या. ती पासोडी आजही गावात आहे. मिस्त्रींनी क्षणभर डोळे मिटले. "टांगायची म्हणलं तर वितीवितीनं पन्नासच्या वर खुंट्या लागतेत. तुमची फळी पाच फुटाची हाय, गुरुजी. कविता बारकी लिहा."

खुंटाळं मात्र देखणं झालं. संध्याकाळपर्यंत भरलंही. पहिल्या खुंटीवर दळणाची पिशवी, दुसरीवर भाजीची. पुढं रेशनकार्डाची, आणि तिच्यात पिशव्यांची पिशवी. आईच्या गुडघ्याचे एक्स-रे. माझं उपरणं, टोपी, छत्री, हेल्मेट. एका खुंटीला चार्जर, कारण वायर नेमकी तिथवरच पोचते. चिरंजीवांनी पुण्याहून आणलेलं जाकीट हातात घेऊन फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चक्कर मारली आणि ते पुन्हा अंगात घातलं. बाहेर चाळीस अंश होतं.

एक खुंटी मोकळी व्हायला हरकत नाही, पण तिच्यावर मिस्त्रींचा सदरा आहे. फळी वजन पेलते का हे दाखवायला त्यांनी तो काढून टांगला, वरून हत्यारांची पिशवी अडकवली आणि काम संपल्यावर पिशवी तेवढी घेऊन बनियनवर घरी गेले. परवा बाजारात भेटले तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री, तुमचा सदरा राहिलाय बरं का."

"राहिला नाही, ठेवलाय," ते म्हणाले. "निम्मे पैसे यायचेत की तुमच्याकडून."