एका भारदस्त क्रियाविशेषणाची कैफियत

'सीरियसली' या आंग्ल क्रियाविशेषणाशी माझा प्रथम परिचय झाला तो शब्दकोशात नव्हे, तारेत; किंबहुना तारेत ते नव्हतेच, आणि सारा घोटाळा त्यामुळेच झाला. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून आमच्या काटकसरी काकांनी 'सीरियसली इल' यातील शेपूट आणि आजार दोन्ही छाटून 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' एवढाच मजकूर धाडला, तो घेऊन मी रजेच्या अर्जासह साहेबांपुढे उभा राहिलो, तेव्हा इंग्रजी ग्रंथांत हयात घालविलेले ते गृहस्थ चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "तुमचे वडील गंभीर आहेत, यात नवल ते काय? माझे तीर्थरूप जन्मात हसले नाहीत, म्हणून मी कधी रजा मागितली नाही." (वडील चार दिवसांत खडखडीत बरे झाले आणि तारेचा खर्च विचारू लागले.)

तेव्हापासून मला या शब्दाचे कुळ धुंडाळण्याचा नाद लागला. लॅटिनमधील 'सेरिउस'पासून निघून, फ्रेंचांच्या ओसरीवर टेकून, हे घराणे पंधराव्या शतकात इंग्रजीत नांदू लागले, एवढीच त्याची वंशावळ. खरी मौज आहे ती शेजाऱ्यांत. 'ग्रेव्हली'तला 'ग्रेव्ह' हा लॅटिन 'ग्राविस', म्हणजे जड, आणि आपल्या 'गुरु' शब्दाचा चुलतभाऊ. थडग्याच्या अर्थाचा 'ग्रेव्ह' मात्र खणण्याच्या धातूतून उपजलेला, केवळ नामसाधर्म्यावर त्या घरात शिरलेला तोतया, ज्याच्यावर शेक्सपियरच्या मर्क्युशिओने मरता मरता कोटी करून घेतली. तात्पर्य, इंग्रज गांभीर्य तागडीत घालतो. आपण त्यात दोरी सोडून पाहतो, कारण 'गंभीर' म्हणजे मूळचा खोल.

ही व्युत्पत्ती किती यथार्थ आहे याची साक्ष मला एका कचेरीने पटविली. दारापुढील खड्ड्याबाबत मी गुदरलेल्या अर्जास प्रथम उत्तर आले की, प्रकरणाचा 'गांभीर्याने' विचार चालू आहे. पावसाळा उलटल्यावर दुसरे आले, त्यात 'अधिक गांभीर्याने' होते. आणि विचार खड्ड्याहूनही खोल गेल्याची माझी खात्री झाली. गेल्या आठवड्यात तिसरे उत्तर आले, 'अत्यंत गांभीर्याने'. नातीने तो कागद आपादमस्तक न्याहाळला आणि हल्लीची तरुण मंडळी अविश्वासाचा सारा खलिता ज्या एका शब्दात आटोपतात, तो उच्चारला, "सीरियसली?"

काकांनी छाटलेले शेपूट इतक्या वर्षांनी घरी परतले होते.